एक मूळ संहिता, अनेक कार्यप्रणाली : बहुमंचीय भ्रमणध्वनी उपयोजनांचा इतिहास आणि जासई परिसराचा संदर्भ

बीजसंज्ञा : मूळ संहिता, कार्यप्रणाली, प्रमाणीकरण, देवनागरी, उपयोजन, जासई

प्रस्तावना

भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या आज्ञावलीस व्यवहारात ‘ॲप’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘उपयोजन’ ही संज्ञा योजिली आहे. अँड्रॉइड आणि आयओएस या दोन कार्यप्रणालींसाठी एकच उपयोजन तयार करावयाचे झाल्यास दोन वेगळ्या भाषांत व दोन वेगळ्या साधनांनी काम करावे लागते. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी मूळ संहिता एकदाच लिहून ती सर्व कार्यप्रणालींवर चालविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला बहुमंचीय विकसन म्हणतात. या पद्धतीचा इतिहास बहुधा सोयीचा व काटकसरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि यंत्रायंत्रांतील भेद एका संहितेमुळे नाहीसे होत नाहीत. ते हाताळण्याचा भार केवळ एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जातो. हा भार कोणाकडे गेला आणि त्यात मराठी वापरकर्त्याचे स्थान काय राहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जासई परिसर आणि प्रमाणीकरणाचा अनुभव

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव नवी मुंबईच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा जन्म १९२६ साली याच गावी झाला. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर ठाणे, पनवेल व उरण भागातील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याच्या योजनेमागे या आंदोलनाचे बळ होते.

याच परिसरात १९८९ साली न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. जासईच्या परिसरातून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रहदारी हे प्रमाणीकरणाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल-एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेल्या आणि आधुनिक कंटेनर वाहतुकीस प्रारंभ झाला. १९६८ पासून या पेटीची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित होत गेली. परिणामी तीच पेटी न उघडता जहाज, रेल्वे व ट्रेलर या तिन्हींवर चढू लागली. मात्र त्यासाठी बंदरांना नव्या याऱ्या उभाराव्या लागल्या, रेल्वेस वेगळ्या वाघिणी बनवाव्या लागल्या आणि गोदीत हाताने मालाची चढउतार करणाऱ्या कामगारांचे काम घटले. पेटी एकसारखी झाली, परंतु तिची किंमत सर्वांना एकसारखी पडली नाही. एका मूळ संहितेच्या इतिहासाकडेही याच दृष्टीने पाहता येते.

वाहनीय आज्ञावलीची पूर्वपीठिका

एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालावी, ही आकांक्षा भ्रमणध्वनीपेक्षा जुनी आहे. डिसेंबर १९६० मध्ये कोबोल भाषेतील जवळजवळ एकच आज्ञावली आरसीए व युनिव्हॅक या दोन भिन्न संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. १९७३ साली युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली गेल्यामुळे ती एका यंत्राच्या बंधनातून मुक्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषा जाहीर केली. जावाची आज्ञावली प्रथम एका मध्यस्थ संकेतात रूपांतरित होते आणि प्रत्येक यंत्रावरील आभासी यंत्र त्या संकेताचा अर्थ लावते. एकदा लिहा आणि कोठेही चालवा, हे तिचे अभिवचन होते.

१९९९ साली लहान उपकरणांसाठी जावाची छोटी आवृत्ती आली, तेव्हा या अभिवचनाची मर्यादा उघड झाली. पडद्याचा आकार, कळांची मांडणी, स्मृतीची क्षमता आणि प्रत्येक उत्पादकाने केलेले फेरफार यांमुळे एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या काढण्याची वेळ विकसकांवर आली.

स्मार्टफोनचे युग

२००७ साली आयफोन आणि २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्यानंतर एका मूळ संहितेकडे जाण्याचे तीन प्रमुख मार्ग विकसित झाले.

पहिला मार्ग संकेतस्थळाच्या तंत्राचा होता. २००८-०९ मध्ये पुढे आलेल्या फोनगॅपने उपयोजनाच्या आत ब्राउझरची चौकट बसविली. २०११ मध्ये ॲडोबीने ती निर्माती कंपनी विकत घेतली आणि मूळ संहिता अपाचे प्रतिष्ठानकडे सोपविली गेली. तीच पुढे कॉर्डोव्हा या नावाने परिचित झाली. या मार्गाने काम स्वस्त होई, पण उपयोजन संथ वाटे. फेसबुकने २०१२ साली आपले आयफोनवरील उपयोजन आयओएसच्या स्वतःच्या साधनांनी पुन्हा लिहिले. एचटीएमएल-५ वर अति विसंबून राहणे ही कंपनीची मोठी चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले.

दुसरा मार्ग सामाईक तर्क आणि मूळ घटक यांच्या संयोगाचा होता. फेसबुकनेच २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुले केले. त्यात तर्क जावास्क्रिप्टमध्ये लिहिला जातो. कळा, याद्या व मजकूर मात्र त्या त्या कार्यप्रणालीचे घटक दाखवितात. एअरबीएनबीने २०१६ पासून हे तंत्र वापरले आणि २०१८ मध्ये ते सोडत असल्याचे जाहीर केले. तेथील अनुभव असा की दोन मंचांच्या ज्ञानाची गरज टळली नाही, उलट तिसऱ्याची भर पडली.

तिसऱ्या मार्गात संपूर्ण पडदाच स्वतः रेखाटला जातो. गूगलच्या फ्लटरची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. डार्ट भाषेत लिहिलेल्या या उपयोजनांत कळ, यादी व अक्षर यांचे चित्र फ्लटरचे स्वतःचे इंजिन काढते. त्यामुळे दोन्ही फोनांवर रूप सारखे राहते. परंतु दृष्टिहीनांच्या पडदावाचकासाठी पडद्याचे अर्थवर्णन इंजिनास वेगळे तयार करून द्यावे लागते.

हा प्रवास केवळ तांत्रिक नव्हता. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने करारातील अटी बदलून अन्य साधनांतून रूपांतरित केलेली उपयोजने नाकारण्याचे धोरण स्वीकारले आणि सप्टेंबरमध्ये ते शिथिल केले. एका संहितेला कोठे प्रवेश मिळेल, हे अखेर मंचाच्या मालकाच्या हाती राहते, हे त्यातून स्पष्ट झाले.

देवनागरीचा प्रश्न

महाराष्ट्रात एका संहितेचा विचार उपयोजनांपूर्वीच लिपीच्या क्षेत्रात झाला होता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले. १९९१ च्या इस्की मानकात ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींना सामाईक संकेत देण्यात आले. म्हणजे ‘क’ चा संकेत देवनागरी, गुजराती व बंगालीत एकच. युनिकोडमधील भारतीय लिपींची मांडणीही इस्कीच्या आधारावर झाली. व्यवहारात मात्र मुद्रणासाठी प्रत्येक फाँटचे स्वतंत्र संकेत रूढ झाले आणि एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी लेख दुसऱ्यावर अनाकलनीय चिन्हांचा समूह होऊन बसे.

युनिकोडमुळे साठवण एकरूप झाली, दर्शन मात्र एकरूप झाले नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घेतल्यास ‘ऱ्या’ या जोडाक्षरातील र दोन पद्धतींनी साठविता येतो : नुक्तायुक्त ऱ वापरून किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही शब्द एकच दिसतात, परंतु उपयोजनाच्या शोधयंत्रणेत त्यांचा मेळ घातला नसेल तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. मराठी वळणाचे ल व श हिंदी वळणाहून वेगळे आहेत. दोन्ही वळणे असलेल्या फाँटला मजकूर मराठी आहे, हे उपयोजनाने सांगितले नाही तर मराठी वाचकास हिंदी वळण दिसते. आरंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरे सुटी दिसत व वेलांटी चुकीच्या जागी पडे.

येथे उपरोक्त तीन मार्गांचा भेद निर्णायक ठरतो. पहिल्या दोन मार्गांत अक्षरजुळणीचे काम फोनच्या कार्यप्रणालीवर सोपविले जाते. म्हणून जुना, स्वस्त फोन वापरणाऱ्यास दोष सोसावा लागतो. तिसऱ्या मार्गात ते काम इंजिनाकडे येते आणि फाँट सोबत दिल्यास उपयोजनाचा आकार वाढतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकाने फोनवर २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता येण्याची अपेक्षा ठेवली, तेव्हा या भाराचा एक वाटा प्रथमच स्पष्टपणे उत्पादकाकडे गेला.

दोन मंचांच्या बाहेरचे वापरकर्ते

२१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सने जिओफोन जाहीर केला. जिओचा कारभार नवी मुंबईतील घणसोली येथून चालतो. १५०० रुपये अनामत घेऊन दिल्या जाणाऱ्या या कळांच्या फोनवर कायओएस ही संकेततंत्रावर आधारलेली कार्यप्रणाली होती. अँड्रॉइड किंवा आयओएसची उपयोजने तीवर चालत नव्हती. व्हॉट्सॲपदेखील त्यासाठी वेगळे तयार करावे लागले आणि ते सप्टेंबर २०१८ मध्ये उपलब्ध झाले.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने आरोग्यसेतू हे उपयोजन अँड्रॉइड व आयओएससाठी आणले. साध्या व स्थिर दूरध्वनीधारकांसाठी मे महिन्यात १९२१ या क्रमांकाची ध्वनिसेवा आणि जिओफोनसाठी कायओएस आवृत्ती आली. २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीची मूळ संहिता खुली करताना सुमारे ९८ टक्के वापरकर्ते अँड्रॉइडवर असल्याचे शासनाने सांगितले. या आकड्यात जे उपयोजनापर्यंत पोहोचू शकले त्यांचीच गणना होते. साथीच्या पहिल्या आठवड्यांत साधा फोन असलेली व्यक्ती या व्यवस्थेच्या बाहेर होती, ही बाब त्यात दिसत नाही.

निष्कर्ष

कोबोलपासून फ्लटरपर्यंतच्या सहा दशकांत एका मूळ संहितेने विकसकाचे श्रम निश्चितच कमी केले. लहान संस्थांना दोन्ही कार्यप्रणालींवर येणे त्यामुळेच शक्य झाले. तथापि भेद हाताळण्याचे काम कधी आभासी यंत्राकडे, कधी फोनच्या उत्पादकाकडे, तर कधी थेट वापरकर्त्याकडे गेले. ‘सर्व मंच’ या शब्दप्रयोगात कोणते मंच मोजले जातात, हा निर्णय तंत्राच्या निवडीपूर्वीच झालेला असतो.

प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्ती व भूमी-अभिलेख यांसारखे व्यवहार भ्रमणध्वनीवर येत असताना हा प्रश्न महाविद्यालयांपासून दूर राहिलेला नाही. उपयोजन स्वीकारताना ते जुन्या फोनवर, पडदावाचकासह आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन्ही प्रकारे टंकून तपासणे, ही अल्प खर्चाची परंतु आवश्यक कसोटी ठरेल. एकसंध आराखडा आखताना ज्यांना गृहीत धरले जाते त्यांना पुढे आपला वाटा झगडून मिळवावा लागतो, हे जासईच्या इतिहासाने १९८४ मध्येच दाखवून दिले आहे.