न विचारता राबवलेला संगणक

मे १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी 'सेटी ॲट होम' हा प्रकल्प सुरू केला. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संदेश आहे का, हे शोधायचे होते. त्यासाठी लागणारी आकडेमोड अफाट होती. जगभरच्या लाखो लोकांनी आपले रिकामे संगणक या कामाला स्वखुशीने दिले.

हीच कल्पना सप्टेंबर २०१७ मध्ये 'कॉइनहाइव्ह'ने पैसे मिळवण्यासाठी वापरली. आभासी चलनाच्या वहीत नवे पान जोडण्यासाठी ठरावीक अट पुरी करणारी संख्या शोधावी लागते. ती पुन्हापुन्हा प्रयत्न करूनच सापडते आणि शोधणाऱ्याला नाणी मिळतात. यालाच 'खाणकाम' म्हणतात. 'मोनेरो' या चलनाचे खाणकाम साध्या संगणकावरही होई. संकेतस्थळात काही ओळी घातल्या की पान उघडे असेपर्यंत वाचकाचा संगणक राबे. कमाईतील ३० टक्के कॉइनहाइव्ह ठेवी, बाकी ओळी घालणाऱ्याला मिळे. जाहिरातींपेक्षा हे बरे, असे समर्थन केले जाई.

पण बहुतेकांनी वाचकाला विचारलेच नाही. कित्येकदा संकेतस्थळाच्या मालकालाही पत्ता नसे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मजकूर वाचून दाखवणाऱ्या एका सेवेत अशा ओळी घुसवल्या गेल्या आणि ती वापरणारी चार हजारांवर संकेतस्थळे बाधित झाली. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील काही सरकारी संकेतस्थळांवरही त्या सापडल्या.

'थोडीशी वीज गेली, त्यात काय?' असे विद्यार्थी विचारतील. समजा, संगणकाने तासभर ५० वॅट जादा वीज खाल्ली. हे झाले ०.०५ युनिट. वाचक एक लाख असतील, तर ५,००० युनिट!

तरीही मुख्य प्रश्न रकमेचा नाही. दुधनीच्या बाजारात तूर विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई लिहिलेली असते. कपात दिसते, म्हणून तिच्याबद्दल जाब विचारता येतो. लपवलेल्या कपातीबद्दल तो विचारता येत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलमही मालकाच्या परवानगीवरच उभे आहे.

परवानगी मागणे अशक्यही नव्हते. २०१८ मध्ये युनिसेफच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने वाचकांना विचारून, हेच तंत्र मुलांच्या मदतनिधीसाठी वापरले. मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह परवडेनासे झाल्याने बंद पडले. म्हणजे ते थांबले ते तोट्यामुळे, नीतीमुळे नव्हे. पुढच्या वेळी हे तंत्र फायद्याचे ठरले, तर त्याला कोण थांबवणार? हा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्यावा.