गणिती गप्पा: अंगणवाडी व बालवाटिकेतील खेळ आणि निपुण भारत

एक ते पन्नास अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'मला सहा चिंचोके दे' असे सांगितले, की अनेकदा ते मूठभर चिंचोके पुढे करते. अंकांचा क्रम पाठ झालेला असतो, पण 'सहा' म्हणजे नेमके किती हे कळलेले नसते. ही दरी पहिलीत जाण्यापूर्वी भरून निघावी, यासाठी खेळता खेळता होणाऱ्या गणिती संवादावर भर देण्यात आला आहे.

योजनेत काय अपेक्षित आहे?

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. ३ ते ९ वयोगटातील मुलांना २०२६-२७ पर्यंत पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. बालवाटिकेच्या मुलाने १० पर्यंतचे अंक ओळखावेत आणि वस्तू, आकार, घटना क्रमाने लावाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. ९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन पहिलीसाठी आहे. त्यामुळे बालवाटिकेत पाटीवर शंभरपर्यंत लिहून घेण्याचा आग्रह पालकांनी धरू नये.

ऑक्टोबर २०२२ मधील पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणिताच्या वेळेचे चार भाग सुचवले आहेत: गणिती गप्पा, कौशल्य शिकवणे, सराव आणि गणिती खेळ. पहिल्या भागाला 'तोंडी गणित' म्हटले तर मराठीत पाढे म्हणून घेणे असा अर्थ निघतो, म्हणून येथे 'गणिती गप्पा' हा शब्द वापरला आहे. शिकण्याचा क्रमही आराखड्यात दिला आहे. आधी अनुभव, मग बोलणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह. लिहिलेला अंक सर्वांत शेवटी येतो.

वर्गात हे कसे घडते?

यासाठी वेगळा तास लागत नाही. भातुकलीत चार पाहुणे आले आणि ताटल्या तीनच आहेत. आता काय करायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. कुणी आणखी एक ताटली आणेल, कुणी दोघांना एकाच ताटलीत बसवेल. दोन्ही उत्तरे गणिताचीच आहेत. लगोरीच्या सात चपट्या दगडांपैकी चार उभे राहिले तर किती पडले, हे मुले आधी मोजून आणि काही दिवसांनी न मोजता सांगू लागतात. अंगणवाडी सेविकेने किंवा शिक्षिकेने अशा वेळी 'बरोबर' म्हणून थांबू नये. 'तुला कसं कळलं?' हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारावा. तो फक्त चुकल्यावर विचारला, तर मुले तो ऐकताच उत्तर बदलतात.

प्रश्न विचारल्यावर थोडे थांबणेही आवश्यक आहे. बहुतेक वेळा मोठी माणसेच घाईने उत्तर देऊन टाकतात.

मराठीतील एक खास अडचण

'एकोणतीस' ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याला शब्दात 'तीस' ऐकू येतो. एकोण म्हणजे एकाने उणे. दहा-दहा चिंचोक्यांचे तीन ढीग करून त्यातील एक चिंचोका उचलला, की ही गोष्ट पहिलीतल्या मुलाला हाताने कळते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी मुलाची अडचण खरी आहे. घरी कोरकू, गोंडी किंवा अन्य भाषा बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या भाषेत मोजू द्यावे. मराठी शब्द नंतर जोडता येतात.

साहित्य व अर्ज

३ ते ८ वयोगटासाठीचे 'जादुई पिटारा' हे खेळ-साहित्य २० फेब्रुवारी २०२३ रोजी सादर करण्यात आले. 'पोषण भी पढाई भी' उपक्रमांतर्गत अंगणवाडी सेविकांना पूर्व-प्राथमिक शिक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. पिटारा अद्याप पोहोचला नसेल, तर खडे, बिया, बाटल्यांची झाकणे चालतात. फक्त अगदी लहान मुले त्या तोंडात घालणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. निपुण भारतसाठी पालकांनी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. आपले मूल कोणत्या टप्प्यावर आहे, हे वर्गशिक्षिकेकडे विचारता येईल.