माका कोणता, एकदांडी कोणती?
अमरावती : भाद्रपद लागला की वऱ्हाडातील घराघरांत माक्याचा शोध सुरू होतो. पितृपक्षातील श्राद्धासाठी माक्याची पाने लागतात, तर केसांच्या तेलासाठी त्याचा रस काढला जातो. मात्र शहरात वाढलेल्या पिढीला ही वनस्पती नेमकी ओळखता येतेच असे नाही. परिणामी माका समजून रस्त्याकडेची एकदांडी घरी आणली जाते. क्वचित एखाद्याचा हात गाजरगवतालाही लागतो, आणि ही चूक त्वचेला महागात पडू शकते.

या साऱ्या वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. शेवंती, झेंडू व करडई हीदेखील त्यांचीच भावंडे. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. मधली फुले नळीसारखी, तर कडेची बहुधा पाकळीसारखी असतात. ओळख पटविताना या गुच्छाची रचना, त्याचा देठ आणि पानांची मांडणी या तीन बाबी निर्णायक ठरतात.

माका (एक्लिप्टा प्रोस्ट्राटा) : जुन्या ग्रंथांत 'एक्लिप्टा अल्बा' असे नाव आढळते, वनस्पती तीच. आयुर्वेदातील भृंगराज तो हाच. तलावाचा काठ, नाल्या, पाणी साचणारी शेते ही त्याची आवडती ठिकाणे. पाने समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि स्पर्शाला खरखरीत. गुच्छ एक सेंटिमीटरहून लहान आणि मधोमधही पांढराच. कडेच्या पाकळ्या आखूड, बारीक व असंख्य. खोड चुरगळल्यास रस काही मिनिटांत काळपट पडतो. ही त्याची सर्वांत सोपी खूण होय.

एकदांडी (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) : हिलाच दगडी पाला म्हणतात. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती कोरड्या जागी, कुंपणाशी, भिंतीच्या भेगांतही वाढते. पानेही समोरासमोरच असतात, परंतु त्यांच्या कडा ठळक दातेरी असतात. वीतभर उंच, निष्पर्ण दांड्यावर एकच फूल येते. नावही त्यावरूनच पडले. मधला भाग पिवळा, भोवती बहुधा पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. बी पिकल्यावर पिसासारख्या केसांच्या आधारे वाऱ्यावर उडते. माक्याच्या बीला असा पिसारा नसतो.

सीझुलिया अ‍ॅक्सिलॅरिस : पाणथळ जागी वाढणाऱ्या या वनस्पतीलाही काही ठिकाणी माका म्हणतात. मात्र हिची पाने एकाआड एक असतात आणि फिकट जांभळट फुलांचे गुच्छ पानांच्या बगलेत, देठाविना चिकटलेले दिसतात. नाव सारखे असले तरी हा भृंगराज नव्हे.

गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) : पुण्यात 1956 मध्ये नोंद झालेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली आणि एकाआड एक. फुले पांढरी, अगदी बारीक, पाच कोपऱ्यांची. कोवळेपणी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला खाज व पुरळ येऊ शकते, तर परागकणांमुळे काहींना श्वासाचा त्रास होतो. ते उघड्या हातांनी उपटू नये. हातमोजे घालून, शक्यतो फुलण्यापूर्वी उपटणे हिताचे.

थोडक्यात, आधी जागा पाहावी : ओल असेल तर माक्याची शक्यता अधिक. मग पाने समोरासमोर आहेत का, ते पाहावे. त्यानंतर फुलाचा मध्यभाग तपासावा : पांढरा असल्यास माका, पिवळा असल्यास एकदांडी. शेवटी खोड चुरगळून रसाचा रंग पाहावा. गाजरगवत नसल्याची खात्री पटल्याशिवाय मात्र चुरगळण्याची घाई करू नये.

सांडपाण्याच्या नाल्यालगतचा किंवा तणनाशक फवारलेल्या बांधावरचा माका खरा असला तरी घेऊ नये. शंका राहिल्यास फुलासह संपूर्ण रोप जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात किंवा जाणत्या वैद्यांना दाखवावे. केवळ पानांवरून ओळख पटविणे अवघड असते. पोटात घेण्याचे औषध तर वैद्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये.