वैमानिकाचा पट्टा

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलें विमान. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर तें तरंगतांना आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. त्याच्या पंखांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. पण वैमानिकाला बैठकीशीं बांधणाऱ्या पट्ट्याकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचितच जातें. मला तरी हा अन्याय वाटतो.

आरंभीं पट्टा नव्हताच. जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल हातांच्या आधारानें यंत्राला लोंबकळत असे आणि शरीर इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळी. बांधून घेतलें तर झुकणार कसें? ९ ऑगस्ट १८९६ रोजीं तो सुमारें ५० फुटांवरून कोसळला व दुसऱ्या दिवशीं बर्लिन येथें मरण पावला. पुढें सुकाणूनें विमान वळूं लागलें, वैमानिक स्वस्थ बसूं लागला, तेव्हां पट्ट्याची गरज भासली. अमेरिकन लष्करांतील लेफ्टनंट फुलॉइ यांनीं १९१०-११ च्या सुमारास जिनगराकडून चामड्याचा पट्टा करवून घेतला. खडबडीत माळावर उतरतांना ते बैठकीवरून उडत असत! १ जुलै १९१२ रोजीं बोस्टनजवळ हॅरिएट क्विंबी ही वैमानिका व तिचा प्रवासी, दोघेंही विमानांतून बाहेर फेकलीं जाऊन मेलीं. कोणीच पट्टा बांधला नव्हता. अशा रीतीनें माणूस बाहेर पडूं नये, एवढाच त्या काळीं पट्ट्याचा उद्देश होता.

विमान आपटल्यावर आंतल्या माणसाचें काय होतें, हा प्रश्न ह्यू डीहेवन याला स्वतःच्या देहावर सोडवावा लागला. १९१७ सालीं टेक्ससमध्यें विमानविद्या शिकत असतांना आकाशांत टक्कर होऊन तो खालीं आला. तो वांचला, पण पोटांतील इंद्रियें फाटलीं, आणि हें काम पट्ट्याच्या बकलाचें होतें, असें त्याचें मत झालें. रक्षण करणाऱ्यानेंच घाव घालावा! पुढें १९४२ सालीं त्यानें ५० ते १५० फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघात शरीरावर नीट वांटला गेला व थांबण्यास थोडें अंतर मिळालें, तर मनुष्य पुष्कळ सोसतो, असें त्यांतून दिसलें. डिसेंबर १९५४ मध्यें न्यू मेक्सिकोंत लेफ्टनंट कर्नल स्टॅप यांनीं रॉकेटच्या गाडीवर पट्ट्यांनीं बांधून घेऊन गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट जोर सोसला.

ग्लायडरचा प्रश्न याहून नाजूक. १९२० सालीं जर्मनींतील वासरकुप्पे डोंगरावर स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हां वैमानिक बहुधा ताठ बसत. पण ताठ बसलेला माणूस वारा अडवितो. १९५७ सालीं 'फ्योनिक्स' हें फायबरग्लासचें पहिलें ग्लायडर उडालें; त्यापुढील काळांत विमानाचें अंग सडपातळ होत गेलें आणि वैमानिक आरामखुर्चींत रेलावें तसा पाय पसरून जवळजवळ निजूं लागला. येथें जुनें संकट परत आलें. नाक जमिनीवर आपटलें कीं निजलेला देह पट्ट्याखालून पुढें सरकतो. कमरपट्टा कटीच्या हाडावरून निसटून मऊ पोटांत रुततो.

म्हणून पट्टा किती जाड आहे यापेक्षां तो कोठें टेकतो, हें पाहिलें पाहिजे. त्याचीं टोकें फार मागें अडकविलीं तर तो आडवा पडून पोटाकडे चढतो; कमरेवरून तो बराचसा उभा खालीं गेला पाहिजे. कमरपट्टा आधीं आवळावा, खांद्यांचे नंतर. उलट केल्यास खांद्यांचे पट्टे कमरपट्ट्यालाच वर ओढतात. खांद्यांच्या पट्ट्यांचें मूळ फार खालीं असेल तर आघाताच्या वेळीं ते कणा दाबतात. मांड्यांमधून येणारा पांचवा पट्टा संकोच वाटण्यासारखा खरा, पण बकलाला वर चढूं न देण्याचें काम तोच करतो. आणि मऊ उशी! ती दबली कीं घट्ट बांधलेले पट्टे सैल झालेच.

एवढें सारें एका हातानें क्षणांत सुटलेंही पाहिजे. ग्लायडरचा वैमानिक बहुधा पाठीला पॅराशूट बांधून बसतो. उडी टाकण्याची वेळ आली, तर बैठकीच्या पट्ट्याचें बकल कोणतें आणि पॅराशूटचें कोणतें, हें त्याला न पाहतां चाचपून ओळखतां आलें पाहिजे.