बाणाच्या टोकाचा वाद

अमेरिकेत शरद ऋतू लागला, की धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लाखो लोक रानाची वाट धरतात. आणि रानात शिरण्यापूर्वी त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. बाणाला टोक कोणते लावावे? एक पक्ष म्हणतो, पाती टोकाच्या दांड्यात कायमची पक्की बसवलेली असावीत. दुसरा पक्ष मिटत्या पात्यांचा. ही पाती बाण उडत असताना खिशातल्या चाकूसारखी मिटून राहतात आणि लक्ष्यावर आदळताक्षणी फाकतात. यांना ते यांत्रिक टोक म्हणतात. वाद वरवर पाहता हत्यारांच्या शौकिनांचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न शिकाऱ्याचा नसून जनावराचा आहे. बाण लागलेले हरीण काही क्षणांत कोसळेल, की जखम घेऊन झाडीत नाहीसे होईल?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपवले, आणि ते संपले याबद्दल प्रस्तुत लेखकाला यत्किंचितही खेद नाही. पण बाणाच्या टोकाचा विचार मात्र आपल्याला परका नाही. धनुर्वेदाच्या ग्रंथांत आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी टोकांची नावे आणि त्यांची निरनिराळी कामे सांगितली आहेत. सुईसारखे कवच भेदायला, वस्तऱ्यासारखे कापायला. एकच टोक सर्व कामांना चालेल, असे त्या आचार्यांनी मानलेले नाही. त्याहून लक्षात राहते ती मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातील युद्धधर्माची आज्ञा. कर्णी म्हणजे उलट्या काट्यांचे, विषाने माखलेले आणि अग्नीने पेटवलेले बाण तिथे निषिद्ध ठरवले आहेत; आणि त्यांच्याही आधी कूट आयुधे. कूट आयुध म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण कुल्लूकभट्ट असे देतो, की जे बाहेरून लाकूड वगैरे दिसते पण ज्याच्या आत तीक्ष्ण शस्त्र लपवलेले असते, ते. मिटत्या पात्यांचे टोक पाहून त्या टीकाकाराने काय म्हटले असते, असा खट्याळ विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. अर्थात हरणाला फसवण्यासाठी ती पाती लपवलेली नसतात. ती का मिटवली, त्याचे कारण निराळेच आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे, कॅलिफोर्नियात जावे लागेल.

१९११ च्या ऑगस्ट महिन्यात ओरोव्हिल या गावाजवळ एक भुकेला, एकाकी मनुष्य सापडला. तो याही जमातीतला शेवटचा उरलेला माणूस होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती जमात एकोणिसाव्या शतकात जवळजवळ निखालस मारून टाकली होती. आपले नाव त्याने कधीच सांगितले नाही. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात तो राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यवैद्य होते. इशीवर उपचार करता करता ते त्याचे मित्र झाले, आणि पुढे धनुर्विद्येत त्याचे शिष्य.

इशी बाणाची टोके हाताने घडवी. ऑब्सिडियन हा ज्वालामुखीतून आलेला काळा काचेसारखा दगड, आणि तो नसेल तर बाटलीची किंवा खिडकीची काच. हरणाच्या शिंगाच्या अणकुचीदार तुकड्याने कडेवर दाब द्यायचा, की नखाएवढी कपची उडते; अशा कपच्या काढीत काढीत करवतीसारख्या दातेरी कडेचे पान तयार होते. त्याचे धनुष्य फार जोरकस नव्हते, ओढायला सुमारे ४५ पौंड. ती उणीव तो आपल्या चालीने भरून काढी. अंगाचा वास जाऊ देत नसे, सशाच्या आवाजाची नक्कल करून जनावराला जवळ बोलावी, आणि अगदी जवळ आल्याशिवाय बाण सोडीत नसे.

पोप हे मुळात प्रयोगशील वैद्य. पोलादी टोक श्रेष्ठ की दगडी, हे नुसत्या तर्काने ठरवणे त्यांना पटेना. त्यांनी एका पेटीच्या बाजूंना हरणाचे ताजे कातडे लावले, आत गुराचे काळीज भरले आणि दोन्ही तऱ्हांचे बाण त्यातून मारून पाहिले. आणि आश्चर्य असे, की ऑब्सिडियनचा बाण पोलादी बाणापेक्षा अधिक खोल गेला. आपण ज्याला रानटी अवजार समजतो, त्याची धार त्यांच्या पोलादापेक्षा सरस होती. मात्र दगड ठिसूळ, हाडावर फुटतो; म्हणून पोप यांनी स्वतःसाठी पोलादाचेच रुंद पाते निवडले, पण धारेच्या बाबतीत इशीचा धडा ते विसरले नाहीत. गोळी आघाताने मारते. बाण मारतो तो रक्तवाहिन्या कापून. तेव्हा बोथट रुंद टोक हे निव्वळ क्रौर्य, हे त्यांना शल्यवैद्य म्हणून कोणी सांगण्याची गरज नव्हती. १९२० मध्ये आर्थर यंग या मित्राबरोबर यलोस्टोनच्या रानात त्यांनी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेसाठी ग्रिझली अस्वले बाणांनी मारली, आणि १९२३ मध्ये शिकारीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. इशी मात्र १९१६ च्या मार्चमध्येच क्षयाने वारला होता. आधुनिक अमेरिकन धनुर्विद्येचा पाया घातला तो एका उद्ध्वस्त जमातीच्या अखेरच्या माणसाने, ही गोष्ट त्या देशातल्या सगळ्याच शिकाऱ्यांना आठवते असे नाही.

यानंतरचा काळ झपाट्याने ओलांडता येईल. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणाच्या शिकारीसाठी धनुर्धरांना स्वतंत्र हंगाम दिला. आर्थर यंगचा अलास्कातील चित्रपट पाहून भारावलेल्या फ्रेड बेअर या मिशिगनच्या गृहस्थाने पुढे धनुष्यांचा कारखाना काढला, आणि १९५६ मध्ये ‘रेझरहेड’ नावाचे टोक बाजारात आणले. मूळ दोन पाती पक्की, आणि त्यांच्या मधल्या खाचेत सरकवून बसवायचे दाढीच्या पात्यासारखे पातळ जादा पाते. हाच बेअर १९६३ मध्ये भारतात येऊन बाणाने वाघ मारून गेला. त्या काळी तो पराक्रम समजला जाई.

तोवर बहुतेक टोके स्थिर पात्यांची होती, आणि कोणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती धनुष्य बदलले म्हणून. मिसूरीच्या हॉलिस अॅलन याने १९६६ मध्ये अर्ज करून १९६९ मध्ये ज्या धनुष्याचे पेटंट मिळवले, त्याच्या टोकांना कप्प्या होत्या. दोरी पूर्ण ओढली, की कप्प्यांच्या रचनेमुळे हातावरचा भार बराच कमी होतो. शिकारी शांतपणे नेम धरू शकतो, आणि बाण पूर्वीपेक्षा किती तरी वेगाने सुटतो. या वेगाने एक अडचण आणली. बाणाच्या शेपटीला पिसे असतात ती त्याला सरळ ठेवण्यासाठी. पण पुढे रुंद पाती असली, तर तीही वाऱ्याला पंखासारखीच लागतात. धनुष्याची जुळणी केसभर चुकली, की पुढचे पंख आणि मागचे पंख यांची ओढाताण होऊन बाण भरकटतो. वेग जितका अधिक, तितका भरकटण्याचा दोष ठळक. यावर तोड म्हणून पाती मिटवली. १९९० च्या दशकात ही टोके सर्वत्र पसरली. मिटलेले टोक सरावाच्या साध्या टोकासारखे सरळ जाते, आणि उघडल्यावर त्याचा छेद दीड-दोन इंचांचा होतो. स्थिर टोकाचा बहुधा एक ते सव्वा इंच.

परंतु निसर्गात फुकट काही मिळत नाही. पाती उघडायला बळ लागते, आणि ते बाणाच्या वेगातूनच खर्च होते. रुंद जखम कापायलाही अधिक बळ लागते. म्हणजे खोल शिरायला उरते ते कमी. तिरक्या कोनात बाण लागला तर एक पाते आधी अडकून बाण बाजूला वळू शकतो. हाड आडवे आले तर बारीक सांध्यांवर फिरणारी पाती मोडतात. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये डॉ. एड अॅशबी यांनी मोठ्या जनावरांवर बाणांच्या परिणामांचा अभ्यास केला, आणि त्यांचे मत जड बाण व लांबट, मजबूत, स्थिर पात्याच्या बाजूने पडले.

एवढ्यावरून निकाल लागला असे जुन्या पक्षाला वाटत होते. पण मेरीलँड राज्यात पोटोमॅक नदीकाठी नौदलाचा एक तळ आहे. तिथे शिकाऱ्याला आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे, आणि बाण लागलेल्या प्रत्येक हरणाची नोंद, ते सापडो वा न सापडो, करावी लागे. दोन दशकांहून अधिक काळच्या या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थिर पात्यांनी लागलेल्या शंभर हरणांपैकी सुमारे ८२ सापडली. यांत्रिक पात्यांनी लागलेल्यांपैकी सुमारे ९०. पोप यांची पेटी आणि ही नोंदवही यांत मला एक नाते दिसते: दोन्हीकडे अभिमान बाजूला ठेवून मोजणी केली आहे. तथापि ही हरणे पांढऱ्या शेपटीची, हलक्या हाडाची, आणि धनुष्ये जोरकस कप्प्यांची. जाड हाडाच्या एल्कवर, किंवा ४०-४५ पौंडांचे धनुष्य ओढणाऱ्या किशोरवयीन मुलाच्या हाती, हाच आकडा येईल असे कोणी धरून चालू नये. माझे मत विचाराल तर हलक्या धनुष्याला स्थिर पाते, आणि तेही अरुंद. मिटते पाते त्यालाच शोभते ज्याच्या धनुष्यात उधळायला बळ शिल्लक आहे आणि जो जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबू शकतो. इशीचे धनुष्य पहिल्या वर्गातले होते. तो थांबत असे, हेही खरे.

कायदेकर्त्यांनाही हा वाद सोडवता आलेला नाही. पश्चिमेकडील काही राज्यांनी यांत्रिक टोकांवर दीर्घकाळ बंदी ठेवली. उलट्या काट्यांचे टोक मात्र अनेक राज्यांत सरसकट निषिद्ध आहे. म्हणजे कर्णी बाणावरची मनूची बंदी मिसिसिपीच्या पलीकडेही लागू आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्यामुळे यांत्रिक टोके बनवणाऱ्यांना एक काळजी घ्यावी लागते: बाण मागे ओढला असता उघडलेली पाती मांसात काट्यासारखी न रुतता पुढे मिटली पाहिजेत. अनेक नियमपुस्तकांत पात्याची किमान रुंदी पाऊण इंचाहून थोडी अधिक, म्हणजे सात-अष्टमांश इंच, सांगितलेली असते. मिटत्या टोकाच्या बाबतीत ती मोजायची कशी, हा पेच पडल्यावर काही ठिकाणी नियमात दोन शब्द वाढवण्यात आले : ‘उघडल्यावर मोजावी.’