पाण्याची शुद्धता आणि घराची सुरक्षितता : महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास (1923–1937)

प्रस्तावना

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रसंग होय. या प्रसंगाची मांडणी बहुतेक वेळा नागरी हक्कांच्या अंगाने केली जाते व ती योग्यच आहे. परंतु या लढ्याच्या केंद्रस्थानी एका लहान तालुक्याच्या गावातील पिण्याचे पाणी होते, आणि त्या पाण्याभोवती राहत्या घरांची रांग होती, या साध्या वस्तुस्थितीकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कोणाच्या वाट्याला कोणत्या प्रतीचे पाणी येत होते, ‘शुद्ध’ पाणी म्हणजे काय असे मानले जात होते आणि पाण्यावरील हक्क मागणाऱ्यांच्या घरादाराचे काय झाले, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत निबंधात या घटनाक्रमाचा विचार केला आहे.

गावातील पाण्याची विभागणी

सावित्री नदीच्या काठचे महाड हे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांना खरेदीसाठी तेथे यावे लागे. तसेच गावकामगार म्हणून सरकारी टपाल पोहोचविण्यासाठी किंवा वसूल झालेला सारा भरण्यासाठीही यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तीत या येण्याजाण्याचा उल्लेख प्रारंभीच येतो. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळावे असे सार्वजनिक ठिकाण एकच होते, ते म्हणजे चवदार तळे. आणि तेथे या लोकांना मज्जाव होता. त्यांच्यासाठी उरत होती ती अस्पृश्य वस्तीतील विहीर. ती गावाच्या मध्यभागापासून दूर होती आणि नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे गाळाने भरून गेली होती.

हा तपशील महत्त्वाचा आहे. नगरपालिका एकच होती. परंतु एका पाणवठ्याची निगा ती राखत होती आणि दुसरा बुजत चालला होता. जातीची बंदी केवळ ‘पाण्याला शिवू नये’ एवढ्यावर थांबत नव्हती, तर कोणी कोणत्या प्रतीचे पाणी प्यावे हेही तीच ठरवीत होती. डॉ. आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या 1901 सालच्या एका प्रवासाची आठवण लिहिली आहे. मसूर स्थानकापासून बैलगाडीने जाताना भावंडांजवळ पोटभर अन्न होते, पण पाणी नव्हते; वाटेत जे डबके दाखविले गेले त्यात चिखल आणि जनावरांचे मलमूत्र मिसळलेले होते. त्या रात्री ती मुले उपाशीच राहिली. महाडची गाळाने भरलेली विहीर आणि हे डबके यांत फरक अंशाचा आहे, प्रकाराचा नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रात पूर्वीपासून होते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 साली पुण्यातील आपल्या राहत्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. येथे पाणवठा खासगी होता आणि घरमालकाने स्वतःहून तो सर्वांचा केला. महाडमध्ये मात्र पाणवठा सार्वजनिक असून भोवतालचे घरमालक तो आपला म्हणत होते.

ठराव आणि त्याची अंमलबजावणी

सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी ती शिफारस होती. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पुढील तीन वर्षे तो कागदावरच राहिला. बोले यांना 1926 साली, अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे असा दुसरा ठराव आणावा लागला, यावरून ही स्थिती एकट्या महाडची नव्हती हे दिसते.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडला भरली. तिच्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांचे साहाय्य होते. परिषदेच्या प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, असे धनंजय कीर यांनी डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात नोंदविले आहे. नगरपालिकेच्या ठरावाने जे तळे तीन वर्षांपूर्वीच खुले झाले होते, त्याच गावात ही खरेदी झाली. ठरावाच्या परिणामकारकतेचे याहून नेमके मोजमाप क्वचितच सापडेल. दुसऱ्या दिवशी चित्रे यांच्या सूचनेवरून सारी परिषद मिरवणुकीने तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्याले. मागोमाग इतरांनी.

घरे, रस्ते आणि भय

यानंतर दोनेक तासांतच, अस्पृश्य लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा पसरविण्यात आली. लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. तेथे काही प्रतिनिधी जेवत होते. अन्न मातीत मिसळले गेले आणि माणसांना मारहाण झाली. गावात एकटेदुकटे फिरणाऱ्यांना रस्त्यात गाठले गेले आणि अस्पृश्यांच्या घरांत शिरूनही मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आश्रय मिळाला. सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. परतणाऱ्या प्रतिनिधींना त्यांच्या त्यांच्या खेड्यात अद्दल घडवावी, असे निरोप जमावाच्या म्होरक्यांनी आसपासच्या गावांना धाडले. म्हणजे ओंजळभर पाण्याची किंमत तळ्याच्या काठावर नव्हे, तर स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर द्यावी लागणार होती. सरकारी बंगल्यात जमलेले शेकडो प्रतिनिधी प्रतिकाराला सज्ज होते, डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले. तसे झाले नसते तर त्या दिवसाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. मारहाणीच्या खटल्यात 6 जून 1927 रोजी पाच आरोपींना चार महिन्यांची शिक्षा झाली.

‘शुद्धीकरण’ म्हणजे काय?

तळे ‘बाटले’ असे ठरवून त्याचे शुद्धीकरण करण्यात आले. दूध, दही, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडविण्यात आल्या आणि पाणी पुन्हा सवर्णांच्या पिण्यास योग्य झाल्याचे मानण्यात आले. रॉबर्ट कॉख यांना 1884 साली कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू आढळले होते. तेही भोवती वस्ती असलेले, लोक ज्याचे पाणी पीत आणि ज्यात धुणे-आंघोळी करीत असे तळे होते. या शोधास 1927 साली 43 वर्षे झाली होती. उघड्या तळ्याला धोका कशाचा असतो हे आरोग्यशास्त्राने सांगून झाल्यावर, माणसाच्या ओंजळीने पाणी बिघडते आणि शेणाने ते सुधारते, अशी ही समजूत होती.

अर्थात त्या काळच्या महाडकरांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत; जनावरे पाणी पीत. विटाळ पाण्याच्या गुणधर्मात नव्हता, पिणाऱ्याच्या जन्मात होता. त्यामुळे पाण्याच्या कोणत्याही तपासणीने तो सिद्ध वा असिद्ध होणारा नव्हता. ‘चवदार’ हे नाव त्या पाण्याच्या चवीचे कौतुक करणारे आहे; ती चव कोणी घ्यावी यावरच सारा तंटा होता.

न्यायालयातील तळे

नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद जाहीर होताच काही सवर्ण रहिवाशांनी 12 डिसेंबर 1927 रोजी दावा दाखल केला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. 25 डिसेंबर रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र न्यायालयाचा मान राखून पुढे ढकलण्यात आले.

दाव्यातील भूमिका लक्षणीय होती. तळ्याला लागून वादींची घरे होती. काहींच्या मालकीच्या काठालगतच्या जागा, घाट आणि दगडी बांध होते. यावरून तळे खासगी असल्याचा, निदान त्याचा उपयोग केवळ सवर्णांनी करण्याची अनादि वहिवाट असल्याचा दावा करण्यात आला. म्हणजे घराच्या मालकीतून पाण्याची मालकी काढली जात होती. महाडच्या न्यायालयाने 8 जून 1931 रोजी दावा फेटाळला. ठाण्याचे अपीलही 1933 साली फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी 17 मार्च 1937 रोजी अंतिम निर्णय दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे 1922 साली महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालविणारे न्यायाधीश होत.

चार-पाच एकरांचे, पावसाच्या आणि भोवतालच्या निचऱ्याच्या पाण्याने भरणारे, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते असलेले हे तळे वादींचे नाही, हे मान्य झाले. वहिवाटीबाबत न्यायालयाचे निरीक्षण अधिक मार्मिक होते. सवर्णांची घरे तळ्याभोवती उभी राहीपर्यंत ते पाणी केवळ आपल्यापुरते राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हे संशयास्पद आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या घरांच्या आधारे अनादि हक्क सांगितला जात होता, तीच घरे त्या हक्काच्या अनादित्वाविरुद्ध पुरावा ठरली. अपील फेटाळले गेले. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नामनिर्देश आहे. महाडच्या दाव्यात हे बहुतेक सारे शब्द अगोदरच येऊन गेले होते.