नभोवाणीचा दूरदर्शी इंजिनियर : सेसिल गॉयडर

डहाणूच्या किनाऱ्यावर किंवा तलासरीच्या एखाद्या पाड्यावर बसून कोणी परदेशची वार्ता ऐकली, तर आज त्याचें कोणासहि नवल वाटत नाहीं. परंतु शहरांतील आवाज खेड्यापर्यंत पोंचविणें हा एके काळीं मोठा बिकट प्रश्न होता. तो सोडविण्यासाठीं ज्यांनीं आपली विद्या खर्ची घातली, त्या सेसिल विल्यम गॉयडर यांचें नांव आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. म्हणून त्यांच्या कार्याचा हा अल्प परिचय.

गॉयडर यांचा जन्म १९०६ सालीं झाला. लंडनच्या मिल हिल शाळेंत शिकत असतांनाच त्यांस बिनतारी विद्येचा छंद जडला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं शाळेंतील यंत्रावरून त्यांनीं न्यूझीलंडांतील फ्रँक बेल यांच्याशीं संदेशांची देवघेव केली. दोघांमध्यें सुमारें १८,००० किलोमीटरांचें अंतर होतें, आणि या दोन देशांमधील हा पहिलाच दुतर्फा बिनतारी व्यवहार होय. लघुलहरींचें सामर्थ्य त्या तरुणानें तेव्हांच ओळखलें. पुढें १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप अकरावे पायस जगाशीं बोलले, तेहि लघुलहरींच्याच बळावर.

इकडे मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें होतें. त्याचें प्रक्षेपक यंत्र अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचें. भरवशाचा पल्ला सुमारें ३० मैल. डहाणू मुंबईपासून शंभर किलोमीटरांहून दूर आणि तलासरी त्याहूनहि पलीकडे. आपला मुलूख अर्थातच त्या पल्ल्याबाहेर राहिला. १९३० सालीं कंपनी बुडाली व तिचें काम सरकारनें हातीं घेतलें. १९३६ सालीं या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं गॉयडर मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानांत आले.

त्यांच्यापुढील अडचण अशी. मध्यमलहरी जमिनीस लागून चालतात व वाटेंत क्षीण होत जातात. शिवाय पावसाळ्यांतील विजांमुळें त्यांत खरखर उठते. एवढा विस्तीर्ण देश केवळ अशा लहरींनीं व्यापावयाचा, तर अगणित केंद्रें हवीत आणि खजिन्यांत तेवढा पैसा नाहीं. लघुलहरी मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आदळून पुन्हां खालीं येतात. म्हणून गॉयडर यांनीं असें ठरविलें कीं, मोठ्या शहरांस मध्यमलहरींनीं स्वच्छ आवाज द्यावा आणि उरलेल्या प्रदेशास लघुलहरींनीं निदान ऐकूं येईल एवढा तरी द्यावा. तो वरचा थर प्रहरागणिक बदलतो; त्यामुळें दिवसा एका लांबीची लहर, तर रात्रीं दुसऱ्या लांबीची, अशी योजना करावी लागे. मुंबईचें दहा किलोवॅटचें लघुलहरी यंत्र ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं सुरू झालें. त्याच वर्षीं मद्रास व कलकत्ता येथेंहि तशीं यंत्रें उभीं राहिलीं.

१९४६ पर्यंत गॉयडर यांनीं हें पद सांभाळलें. परंतु इतिहास प्रामाणिकपणें सांगावयाचा तर पुढील आंकडेहि सांगितले पाहिजेत. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां भारताच्या वांट्यास सहा केंद्रें आलीं, आणि नभोवाणीच्या कक्षेंत २.५ टक्के प्रदेश व ११ टक्के लोक होते. शिवाय लहर आकाशांतून आली तरी ती ऐकावयास महागडा संच हवा, वीज किंवा बॅटरी हवी. मजुरीवर पोट भरणाऱ्या वारली कुटुंबास तें कोठून परवडणार? पुढें १९६० नंतर बॅटरीवर चालणारे ट्रान्झिस्टर संच स्वस्त होत गेले, तेव्हां कोठें नभोवाणी खऱ्या अर्थानें खेड्यांत शिरली.

तथापि यामुळें गॉयडर यांच्या कार्यास उणेपणा येत नाहीं. जेथें ऐकणारा अद्याप तयार नव्हता, तेथपर्यंत वाट आंखण्याचें काम त्यांनीं आधीं केलें. वक्त्याचें व गायकाचें नांव घरोघरीं होतें; यंत्राजवळ रात्रंदिवस जागणारा इंजिनियर पडद्याआडच राहतो. इतरांचा शब्द नीट पोंचला, यांतच त्याच्या सेवेचें सार्थक असतें.